बशीतली गोळी

आई भाव न करता सुरमई घेऊन आली, तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. हर्णे बंदरावर संध्याकाळी लिलाव आटपला की किरकोळ मासळी विकायला बसणाऱ्या बायका आईला लांबून बघूनच हात जोडायच्या, अशी तिची जीभ तिखट. आणि हीच बाई त्या दिवशी मुकाट्याने पैसे देऊन घरी आली, ओट्याला टेकली नि म्हणाली, "दम लागला गो."

दापोलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पार तळाला गेलेलं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, पुन्हा आणल्या, पुन्हा रक्त तपासलं, पण आकडा ढिम्म हलेना. मग डॉक्टर म्हणाले, "आत कुठे रक्त जात नाही ना, ते बघून घेऊ. रत्नागिरीला दुर्बिणीची तपासणी करा." पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. एसटीत मी मात्र रत्नागिरी येईपर्यंत तोच शब्द चघळत होते. कॅन्सर, दुसरं काय! आई खिडकीशी डोळे मिटून बसलेली, बाबा तिची पिशवी मांडीवर घेऊन. ही दोघं एवढी शांत कशी बसू शकतात, याचाच मला राग येत होता.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई तपासणी करून बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "आत काही नाही. सगळं स्वच्छ आहे." मी तिथेच भोकाड पसरलं. लोक बघत होते. बघू देत मेले!

"मग रक्त वाढत का नाही?" डोळे पुसत मी विचारलं.

बाई आईकडे वळल्या. "काकू, गोळी कशाबरोबर घेता?"

उत्तर बाबांनी दिलं, चांगली छाती फुगवून. निवृत्त झाल्यापासून सकाळचा पहिला चहा तेच करतात आणि आईला अंथरुणात नेऊन देतात. "मीच देतो. कपात चहा, बशीत गोळी. एक दिवस चुकवला नाही!"

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. जादा झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे जवळजवळ नाहीच, म्हणून ते आत घेतानाच हात आखडतं. पोटाच्या पुढे, आतड्याच्या सुरुवातीलाच त्याचं दार. साठा भरला की यकृत निरोप धाडतं आणि दार लागतं. लोह आत आलं तर रक्तातलं एक प्रथिन त्याला उचलून हाडांच्या मगजापर्यंत नेतं, तिथे नवं रक्त तयार होतं. "काकूंचं कोठार रिकामं आहे, म्हणजे दार सताड उघडं. पण चहा लोहाला बाहेरच धरून ठेवतो. त्यात काकूंनी मघाशी सांगितलेले उपास, आणि जेवणावरही चहाच!"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे माझ्यामुळेच..."

आई एकदम बोलली, "पुरे हो! चहा चांगला होत होता."

लिंबाने लोह सहज आत जातं, असं बाईंनी सांगितलं, म्हणून बाबांनी सकाळी लिंबूपाणी करायला घेतलं, बिनसाखरेचं. बशीत गोळी तशीच. चहा दोन तासांनी, तोवर आईची कुरकुर. "माझा सासुरवाससुद्धा इतका आंबट नव्हता," ती म्हणायची आणि तोंड वेडंवाकडं करून पेला रिकामा करायची. पुढच्या तपासणीत आकडा हलला. त्याच्या पुढच्या तपासणीत चांगलाच वर चढला. कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

परवा संध्याकाळी आम्ही तिघं बंदरावर गेलो. आईने एक सुरमई उचलली, कल्ला उघडून बघितला आणि आवाज चढवला, "ही काय सोन्याची गो? निम्म्याला दे, नाहीतर ठेव तुझ्या उशाला!"

मासेवालीने कपाळावर हात मारला. "आली गो बाय ही परत!"

मग जी काही जुंपली दोघींची! मी मध्ये पडायला निघाले, तर बाबांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"थांब," ते म्हणाले. "भांडू दे तिला."