घासलेलं उघडं देऊ नये

गाडी समोर येऊन उभी राहिली की चाचा आधी दिव्याकडे बघायचे नाहीत. डोळे मिटून उजव्या हाताची पालथी बोटं दिव्यावरून फिरवायचे, तापलेल्या माणसाचं कपाळ पाहतात तशी. मग डोळे उघडून म्हणायचे, "डोये फसवतात साहेब. हात नाई फसवत."

बुलढाण्याहून देऊळघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या भिंतीला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आठ फूट बाय दहा फूट. तिथं ते जुन्या गाड्यांचे धुरकटलेले पुढचे दिवे घासून स्वच्छ करून द्यायचे. तुमच्याकडे दहा-बारा वर्षांची गाडी असेल तर तुम्हाला हे सांगायला नको. या दिव्यांवर काच नसते, प्लास्टिक असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते पिवळं पडतं आणि आतला बल्ब कितीही चांगला असला तरी उजेड दिव्याच्या तोंडाशीच अडकतो. आमच्याकडे लोक म्हणतात, गाडीला मोतीबिंदू झाला.

मी पाटबंधारे खात्यात मोजमापाचं काम करतो. त्यामुळे कुठंही गेलो तरी मोजायची सवय. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा घड्याळ लावूनच बसलो. भिजवलेला पॉलिशपेपर आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, असे चार कागद आणि शेवटी रबिंगचं पॉलिश. एका दिव्याला अठ्ठेचाळीस मिनिटं. मी वहीत आकडा लिहिताना पाहून चाचा हसले. "माह्या नाडीचे ठोकेबी मोजून घ्या साहेब. आलेच आहे तर."

एक दिवा पूर्ण झाल्याशिवाय ते दुसऱ्याला हात लावत नसत. पहिला झाला की मालकाला गाडीच्या बरोबर मधोमध उभं करायचे आणि विचारायचे, "आता सांगा, ह्यातला तुमचा डोया कोणता?" एकीकडे पाण्यासारखा स्वच्छ दिवा, दुसरीकडे साचलेल्या डबक्यासारखा.  रोज त्या पिवळ्या दिव्यानं गाडी चालवत होतो हे माणसाला तेव्हा कळायचं.

हे काम ते साठीच्या जवळ आल्यावर शिकले होते. मूळचे कल्हईवाले, गाव रोहिणखेड. वडिलांबरोबर भाता आणि कथील घेऊन गावोगाव हिंडले. चाळीस वर्षं तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई केली. मग घरोघर स्टील आलं आणि भात्याला काम उरलं नाही. "हात घासासाठीच बनेल आहे," ते म्हणायचे. "पह्यले पातेले घासले, आता हे घासतो."

त्या पहिल्या दिवशी मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. घासल्यावर दिव्याला वरून काही लावावं लागत नाही का? ते म्हणाले, "लागते ना. लॅकर मारा लागते. पण मंग गाडी दिवसभर इथंच उभी पाह्यजे. दोन हात मारा, वाळू द्या, धूळ नाई बसली पाह्यजे. थांबता का तुमी?"

माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांना बसस्टँडवरून आणायचं होतं. मी थांबलो नाही.

कुणीच थांबत नव्हतं. दिवा चमकला की लोक किल्ली फिरवायचे. हळूहळू चाचांनी विचारणंही सोडून दिलं.

त्यानंतरच्या थंडीत देऊळघाटच्या गजाननचा अपघात झाला. गजानन भाजी पिकवणारा शेतकरी, पस्तिशीचा. वांगी, मेथी, जे निघेल ते जुन्या व्हॅनमध्ये भरून उजाडायच्या आत बाजारात आणायचा. रस्त्यात वळणावर एक ट्रॅक्टरची ट्रॉली चाक पंक्चर होऊन उभी होती. तिच्या मागे लाल दिवा नव्हता, साधा चमकणारा पट्टाही नव्हता. गजाननची व्हॅन सरळ तिच्याखाली घुसली. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सगळं गाव ट्रॉलीवाल्याला बोललं आणि ते बरोबरच होतं. पंचनाम्यात व्हॅनच्या दिव्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

चाचा मात्र ती चेपलेली व्हॅन पाहायला गेले. डावा दिवा फुटला होता, उजवा शाबूत होता. त्यांनी डोळे मिटून त्याच्यावर बोटं फिरवली. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनीच तो घासला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. आजवर कधी आले नव्हते. "तुमची गाडी दाखवा," एवढंच म्हणाले. माझ्या दिव्यांवरून हात फिरवला आणि तिथंच ओट्यावर बसले. मीही हात लावून पाहिला. वर बारीक खरखर होती, उन्हानं तडकलेल्या गाळासारखी. दिवे पहिल्यापेक्षा जास्त पिवळे झाले होते आणि मला ते रोज दिसूनही दिसले नव्हते.

"कंपनीची वरची कातडी म्या घासून काढली," चाचा म्हणाले. "अन् आपली काई देल्ली नाई. माह्या बापानं एकच गोष्ट शिकवली होती. घासलेलं भांडं उघडं देऊ नये. कथील संपलं तं भांडं घरी ठेवा, पण उघडं देऊ नका, त्याच्यात आंबट कळकते, जहर होते, माणसं मरतात. चाळीस वर्षं तसंच केलं साहेब. अन् हे प्लास्टिक हाय म्हणून इसरलो."

मी माणूस आकड्यांचा. कागद घेतला आणि त्यांना समजावायला बसलो. ताशी पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. अंधार, वळण, मागे दिवा नसलेली ट्रॉली. दिवे कोरे करकरीत असते तरी अपघात टळलाच असता असं कुणी सांगू शकत नाही.

"फरक किती पडला असता?" त्यांनी विचारलं.

"फार तर एका सेकंदाचा."

"एका सेकंदात काय होते?"

एका सेकंदात पाय ब्रेकवर जातो. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

"रस्त्यावर हजारो गाड्यांचे दिवे पिवळे आहेत, चाचा," मी शेवटचं म्हणून पाहिलं.

"ते उन्हानं केले. हे म्या केले."

त्या दिवसापासून त्यांनी नवीन गाडी घेणं बंद केलं. उघड्या दिव्यांनी जितक्या गाड्या बाहेर गेल्या होत्या, तितक्या शोधून, पुन्हा घासून, लॅकर मारून द्यायच्या. पैसे न घेता. त्यांना लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून यादी माझ्याकडे आली. ना नंबर, ना पत्ते. "लाल गाडी, समोरच्या काचेले लिंबू-मिरची, मालक तोतरा." "पांढरी, डावीकडं चेपेल, आत लेकराच्या चपला." असं ते सांगायचे आणि मी लिहायचो. पाच संध्याकाळी लागल्या. एकूण त्रेसष्ट गाड्या भरल्या.

सुरुवात करताना मी विचारलं, पहिला नंबर कुणाचा? ते म्हणाले, "पह्यला कोरा ठेवा. दोनपासून लिहा."

आठवड्याला एक गाडी व्हायची, कधी तीही नाही. सुट्टीच्या दिवशी मी माझ्या गाडीतून त्यांना न्यायचो. माझीच गाडी दोन नंबरची, ती आधीच झाली होती. चाचा पोचले की आधी गाडीभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडायचे, धूळ बसावी म्हणून. घासायचे, लॅकरचा एक हात मारायचे, थांबायचे, दुसरा मारायचे आणि वाळेपर्यंत जवळ बसून राहायचे. शेळी आली, हाकल. कोणी झाडू काढला, उठून हात जोड. संध्याकाळी बोटं फिरवून पाहायचे, तेव्हा कुठं चहा घ्यायचे.

फुकट काम करतो म्हटलं की लोकांना आधी संशय यायचा. दुसरबीडच्या एका हार्डवेअरवाल्यानं भर रस्त्यात विचारलं, "काऊन चाचा, इलेक्शनले उभे राहून राह्यले काय?"

"उभं कुठं राह्यता येते बाप्पा, गुडघे गेले," चाचा म्हणाले. "बसूनच करतो. गाडी लाव सावलीत."

रोहिणखेडला एक गाडी सापडली ती चार विटांवर उभी होती. चाकं गेलेली, मागच्या सीटवर कोंबड्या. घरची म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मुर्गी को हेडलाइट होना क्या, भाई?" मीही म्हटलं, ही गाडी यादीतून खोडू. चालतच नाही तर धोका कुणाला? चाचा तोवर पाणी शिंपडायला लागले होते. "उद्या भंगारवाला येईन साहेब. हेच दिवे काढून दुसऱ्या गाडीले लावीन. त्या गाडीवाल्याले काय माईत?" कोंबड्यांच्या त्या गाडीला त्यांनी दिवसभर दिला. इतर गाड्यांपेक्षा एक मिनिट कमी नाही.

चौदा महिन्यांनी मी हिशेब केला. एक्कावन्न गाड्या पूर्ण. सात गाड्या जिल्ह्याबाहेर विकल्या गेल्या होत्या, त्यांतल्या पाच मालकांना फोनवर सांगून झालं होतं, दोघांचे फोन लागले नाहीत. चार गाड्यांचा पत्ताच नाही. आणि एक नंबर कोरा. तोवर चाचांना दम लागायला लागला होता. पेपर घासताना मध्येच थांबायचे आणि दिव्यावर हात ठेवून श्वास मोजल्यासारखे बसायचे. मी कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. 

"त्याची गाडी तं भंगारात गेली," ते म्हणाले. "तिथं काय घासू?"

"तुम्ही त्याला सांगितलं आहे का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. चौदा महिने ते जिल्हाभर हिंडले होते आणि दुकानासमोरून जाणाऱ्या त्याच रस्त्यानं देऊळघाटपर्यंत एकदाही गेले नव्हते.

त्या रविवारी दुपारी आम्ही गेलो. गजानन ओसरीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. चाचांना पाहून त्याला आनंदच झाला. बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा आला. चाचांनी कपाला हात लावला नाही.

"गजूभाऊ, तुह्या गाडीचे दिवे म्या घासले होते."

"हाव. काय झकास केले होते! आरशासारखे."

"त्याच्यावर लॅकर नव्हतं मारलं म्या. घासून उघडेच देल्ले. सहा महिन्यांत पह्यल्यापेक्षा खराब झाले. तुले त्या दिवशी ट्रॉली येळेवर दिसली नसन, तं ते माह्या कामानं."

गजाननच्या हातातली सुतळी थांबली. त्याची बायको दारात उभी होती, तीही तशीच थांबली. मला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ द्या चाचा, तुमचा काय दोष. आपल्याकडे असंच म्हणतात. त्यानं तसं म्हटलं नाही.

"सव्वा वर्ष झालं," तो म्हणाला, "सकाळी उठलो की पह्यले त्या ट्रॉलीवाल्याले शिवी देतो, मंग चहा घेतो. त्याच्यावरच दिवस काढून राह्यलो. आता कोणाले देऊ?"

"मले दे."

"तुमाले देता येत नाई ना!" तो एकदम ओरडला. "त्याच्यासाठीच तं म्हणतो. काऊन सांगतलं?"

 चहावर साय धरली. गजाननानं पुन्हा जुड्या बांधायला घेतल्या. मेथी सारखी निसटत होती. आम्ही उठलो तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही.

परतताना चाचांना दुकानाशी सोडलं. उतरल्यावर खिडकीत वाकून म्हणाले, "आता एक नंबर लिहा."

"काय लिहू?"

 मागून एक एसटी हॉर्न वाजवत होती. "सांगतलं, एवढं लिहा," ते म्हणाले. "झालं असं लिहू नका."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. छातीचं दुखणं होतं, कल्हईच्या धुराचं असावं, डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. थंडी संपता संपता ते गेले. त्यांच्या समाजाची माणसं होती, गॅरेजवाले होते, ज्यांचे दिवे त्यांनी दुसऱ्यांदा केले असे काही गाडीवाले होते. दुपारच्या नमाजनंतर कब्रस्तानात गेलो. कबरीवर प्रत्येकानं तीन मुठी माती टाकायची असते. आम्ही रांगेत उभे होतो.

तेवढ्यात फाटकाशी एक ऑटो थांबला. आतून आधी कुबडी आली, मग गजानन. लोकांनी त्याला वाट दिली. तो कबरीपाशी आला, पण त्याला वाकता येईना. त्यानं माझ्यापुढे हात पसरला. मी खाली बसून त्याच्या तळहातावर माती दिली. त्यानं ती टाकली. दुसरी दिली, तीही टाकली. तिसरी मूठ मात्र त्यानं बंद केली आणि तशीच धरून उभा राहिला. कबरीकडे पाहत होता. त्याच्या बोटांमधून थोडी माती खाली सांडत होती. मागे रांग थांबली होती, कुणी घाई केली नाही.

मग त्यानं मूठ उघडली.