लिनक्समधले मायचे शब्द

सकाळपासून आभाळ गच्च होतं, पण वारा नव्हता. साक्रीजवळच्या एका गावात हेमलतानं शेण काढलं, अंगण झाडलं आणि लॅपटॉप उघडला. विंडोजच्या पोटात तिनं लिनक्स बसवलं होतं, आणि त्यात मायचे, जमनाबाईचे, साडेतीन हजार अहिराणी शब्द मायच्याच आवाजात साठवले होते. लकव्यानं मायची वाचा गेली, त्याला आता वर्ष झालं.

आज अपडेट अर्ध्यात अडकलं आणि लिनक्स उघडेना. जुनं काढून नवं बसवू, म्हणून तिनं एक ओळ टाइप केली. मशीननं 'नक्की का?' असं विचारलंसुद्धा नाही. नवं लिनक्स झटक्यात उभं राहिलं. आत काहीच नव्हतं; जुन्याबरोबर त्यातलं सगळं पुसलं गेलं होतं.

"काय व्हयनं वं ताई?" भाऊ प्रकाशनं ओट्यावरून विचारलं.

"मायना शब्द गयात. बठ्ठा, एकबी नही ऱ्हायना."

"गोणी बदलाना आगोदर दाना काढतस वं, येडी!" तो हसत म्हणाला, आणि तिचं तोंड बघून आत येऊन तिच्याजवळ बसला.

खाटेवरून माय बघत होती. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

हेमलतानं लॅपटॉप मिटला आणि भाकरीसाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ परातीत घेतलं.