पाकीटबाईंचा बुधवारचा तास

सातवीची पोरं बाईंना मागून पाकीटबाई म्हणायची, तरी बाई त्यावर कधी चिडल्या नाहीत. चिडायला त्यांच्याकडे बाकीची कारणं भरपूर होती. एकोणीस वर्षं सामाजिक शास्त्रं आणि वाचन शिकवून त्यांच्या नाकी नऊ आले होते. पुस्तक उघडलं की अर्धा वर्ग जांभया द्यायचा. शेवटी वैतागून त्यांनी एक दिवस मिठाची रिकामी पिशवी फळ्यावर चिकटवली आणि विचारलं, "हे आलं कुठून, सांगा बघू." वर्ग जागा झाला.

तेव्हापासून बुधवारचा शेवटचा तास खाण्याचा. पोरं घरून रिकामी पाकिटं आणायची, त्यांवरचं मोठ्यांदा वाचायची, माल कुठून आला ते नकाशावर दोरा लावून दाखवायची, साखर किती, मीठ किती ते वहीत उतरवायची. बाईंचे यजमान कुरकुरायचे, "लोक कचरा बाहेर टाकतात, तू पिशवीत भरून शाळेत नेतेस." बाई कानाडोळा करायच्या. खरा डोक्याला ताप वेगळाच होता. हा तास वेळापत्रकात नव्हता, हेडसरांच्या मर्जीवर चालला होता. तो कायमचा व्हावा म्हणून बाईंनी चार अर्ज केले, चारही धूळ खात पडले.

अखेर हेडसर म्हणाले, "बुधवारी तपासणीला साहेब येताहेत. त्यांना पसंत पडला तर तास तुमचा. नाही पडला तर पुन्हा माझं डोकं खायचं नाही."

साहेब आले. हेडसरांनी आपल्या कपाटातला पुडा फोडून त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं ठेवली. नकाशा पाहून त्यांनी मान डोलावली, तसा बाईंचा जीव भांड्यात पडला. मग साहेब म्हणाले, "कुणीतरी वाचून दाखवा. हवं ते वाचा."

शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. वर्ग तिला अडखळी म्हणायचा. वर्षाच्या सुरुवातीला दोन ओळी वाचताना ती रडकुंडीला यायची, ती पाकिटं वाचून वाचूनच सुधारली होती. ती सरळ पुढे आली, साहेबांच्या बशीशेजारचा बिस्किटांचा पुडा उचलला आणि कुठेही न अडखळता वाचत गेली. मैदा, साखर, तेल, वजन. शेवटी वापरायची मुदत. तारीख वाचली की ती आजच्या तारखेशी ताडून बघायची, हे बाईंनीच शिकवलेलं. तिने ताडून बघितली.

"संपून अडीच महिने झाले," ती म्हणाली.

साहेबांच्या हातात तिसरं बिस्कीट होतं.

हेडसरांनी तो पुडा हिसकावूनच घेतला. साहेब गेल्यावर त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. कपाटात पुडा किती दिवस पडून होता, यावर चकार शब्द नाही. "मी साहेबांना सांगितलंय, पोरगी वाचनात कच्ची आहे, तारीख चुकली. उद्या तुम्ही वर्गात तसंच सांगा आणि तिच्याकडून माफी लिहून घ्या. नकाशा त्यांना आवडलाय. तास वेळापत्रकात घालतो."

पुडा केराच्या टोपलीत पडला होता. बाईंनी निघताना सवयीने तो उचलून पर्समध्ये टाकला.

घरी त्या भांडी आदळत राहिल्या. हेडसरांचा राग येत होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण त्यांनी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. एवढंसं खोटं, आणि पुढच्या सगळ्या पोरांना तास मिळतोय. काय बिघडलं?

सकाळी वर्गात त्यांनी घसा साफ केला. "काल जे वाचलं गेलं, त्यात..."

मुलगी लगेच उभी राहिली. "चुकलं असेल, बाई. माझं नेहमी चुकतं. माफी लिहून देऊ ना?" कुणीतरी तिच्या कानावर आधीच घातलं होतं. तिने वहीचं पान फाडून ठेवलंही होतं.

बाईंचं डोकं सणकलं. आठ महिने घासून हिला वाचायला शिकवलं ते काय माफी लिहायला? त्यांनी पर्समधून पुडा काढला. "काही चुकलेलं नाही तुझं. हे घे, परत वाच. मोठ्यांदा."

व्हरांड्यात हेडसर थबकले होते. तास गेला, हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

मुलीनेही दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "तारीखसुद्धा वाचू?"

"तारीख आधी वाच," बाई म्हणाल्या.