हेमराजची तिसरी फेरी

हेमराज निवृत्त झाला तेव्हा मरोद्यातल्या शेजाऱ्यांना वाटलं, आता हा माणूस जरा दमानं घेईल. कसलं काय! चौतीस वर्षं भिलाईच्या कारखान्यात भट्टीला हवा पुरवणाऱ्या यंत्रांमागे धावलेला तो. त्याचा पाय घरात ठरेना. शेवटी जामुलच्या पुढल्या एका गावातलं तळं त्यानं मासे पाळायला कराराने घेतलं. भागीदार शेजारच्या सिंधुताई. वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या घरातल्या त्या, पाण्याचं त्यांना बरोबर कळायचं.

सिंधुताईंनी बजावलं होतं की ऊन तापू लागलं, पाणी उतरू लागलं की माशांचं खाणं निम्मं करायचं, तेही सकाळी एकदाच. हेमराजनं मान डोलावली आणि दिवसातून तीन फेऱ्या मारू लागला. बरं, एवढं जायचं आणि नुसतं बघून परतायचं, हे त्याच्या स्वभावात कुठलं बसायला? प्रत्येक फेरीला कोंडा-ढेपेची एक मूठ पाण्यात जायची. हे सिंधुताईंच्या कानावर घालायचं मात्र त्यानं शिताफीनं टाळलं.

होळी झाली. पाण्याची पातळी गुडघाभर खाली गेली आणि पाणी गर्द हिरवं पडलं. मग दोन दिवस आभाळ भरून राहिलं, वाऱ्याचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हेमराज पोचला तर तळंभर रोहू-कतल्यांची तोंडं वर आलेली, उघडत होती, मिटत होती. आपली वाट बघताहेत, असं वाटून त्याला भरून आलं. त्यानं अर्धं पोतं रिकामं केलं. एकाही माशानं दाण्याला तोंड लावलं नाही.

मागून आलेल्या सिंधुताई काठावरच थबकल्या.

"भुकेले नाही हायेत ते, भाऊ. दम कोंडून राहिला त्याइचा."

हेमराज शरमेनं काळाठिक्कर पडला. भट्टीची हवा जराशी कमी झाली तरी जो झोपेतून उठून पळायचा, त्याला हे दिसू नये! पळत जाऊन त्यानं शेजारच्या शेतातला पंप आणवला, तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात सोडलं आणि स्वतः कंबरभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी पाणी झोडपत राहिला. ऊन वर आलं, वारा सुटला, तेव्हा कुठे तोंडं एकेक करून खाली गेली. अकरा कतले मात्र पोट वर करून तरंगत राहिले.

पाण्यात उभ्यानंच त्यानं, तळाशी कुजून पाण्यातली हवा खाऊन टाकणाऱ्या त्या जादा मुठींची कबुली दिली. सिंधुताई चिडल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"आता आठ दिवस चिमूटभर बी टाकाचं नाही," त्या म्हणाल्या. "अन् तुमी इकडं फिरकाचं नाही."

"मंग मी करू काय?"

"घरी बसा."

त्यांनी सांगितलं असतं तर तो दिवस मावळेपर्यंत पाणी झोडपत राहिला असता. हे घरी बसायचं काम मात्र त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं.