औषधाच्या वाटीतलं पाणी

आईच्या छातीत जो जंतू राहायला आला होता, त्याचं नाव मला आजही एका दमात घेता येत नाही. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. लहानपणी टीबी होऊन गेल्यामुळे आईच्या श्वासनलिका जागोजागी सैल, रुंद झाल्यात, कफ तिथे साचून राहतो, आणि त्या कफात हा बिऱ्हाड थाटतो. धडधाकट माणसाच्या वाटेला फारसा जात नाही, पण पिचलेलं फुप्फुस मिळालं की हलत नाही. "दर वेळी थोडं फुप्फुस घेऊन जाणार तो," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. तेव्हा पुन्हा होऊ द्यायचं नाही."

पुन्हा होऊ द्यायचं नाही म्हणे! बोलायला काय जातं?

त्या पहिल्या आजारपणानंतर, हॉस्पिटलातून आईला भांडुपच्या घरी आणताना, मी नेब्युलायझर विकत घेतला. आम्ही त्याला मशीनच म्हणतो. छोट्या वाटीत औषध ओतायचं, बटण दाबायचं, मास्क लावून वाफ ओढायची. सकाळ-संध्याकाळची वाफ मी द्यायचे, दुपारची आई स्वतः घ्यायची. तरीसुद्धा ते दुखणं परत आलं, आणि बरं होऊन आणखी एकदा आलं. बेडका हिरवा व्हायचा, आईच्या उशाला गोडसर वास यायला लागायचा, जास्त पिकलेल्या द्राक्षांचा असतो तसा. घरात द्राक्षं नसायची.

"पाण्यात, ओलाव्यात वाढतो हा," डॉक्टर म्हणाले. "घरात ओल कुठे आहे बघा."

मग काय, मी घर डोक्यावर घेतलं. मोरी घासली, बेसिनचा पाईप बदलून घेतला, फ्रिजखालचा ट्रे उपसला, मनीप्लांट बाटलीसकट कचऱ्यात टाकलं. आई कॉटवर बसून बघत होती. "आता मलाच घाल की दोरीवर वाळत," म्हणाली. मी म्हटलं, चिमटे मोठे मिळाले तर तेही करीन.

मशीनच्या वाटीवर तर माझा डोळाच होता. सकाळी ऑफिसला निघण्याआधी ती उकळायची, खिडकीतल्या उन्हात खडखडीत वाळवायची, फडक्याखाली झाकून ठेवायची. आणि संध्याकाळी फडकं उचललं की वाटीत पाणी. चुकून राहिलेला थेंब नव्हे, चांगलं चमचाभर, कुणी मोजून ठेवल्यासारखं.

पहिल्यांदा वाटलं, आईने धुऊन पुसली नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. "तू घातलंस का पाणी?"

"मी कशाला घालू?"

"मग कुणी?"

"ठेवलं असेल कुणीतरी," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

कुणीतरी म्हणजे कोण? घरात तिच्याशिवाय असतं कोण दिवसभर? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाबा गेले तेव्हा त्यांच्या जागेवर दिवा आणि पेलाभर पाणी ठेवलं होतं. आई रोज सकाळी वाकून बघायची, पाणी कमी झालं का. तिथे पाणी घटतंय का बघायचो, इथे ते येत होतं.

मी वाटी पिशवीत घालून, गाठ मारून कपाटावर ठेवली. संध्याकाळी पिशवी घडी करून बाजूला, वाटी जागेवर, वाटीत पाणी. मी भूतबीत मानत नाही. पण खरं सांगते, त्या आठवड्यात आंघोळीला जाताना दाराला कडी लावायची माझी छाती झाली नाही. आईचं डोकं फिरलंय की माझं, हेच कळेना. त्यातच तो द्राक्षांचा वास पुन्हा सुरू झाला.

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. भर दुपारी जिना चढून आले तर आमचं दार अर्धवट उघडं, आणि मशीनचा गुरगुराट चालू. फक्त तो आमच्या घरातून येत नव्हता. आत आई कॉटवर मांडीत हात ठेवून गप्प बसली होती, डॉक्टरांच्या दाराबाहेर नंबर लावून बसावं तशी. मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तेवढ्यात गुरगुराट थांबला. समोरचं दार उघडलं आणि समोरची मावशी आली. काखेत मशीन, दोन्ही हातांच्या ओंजळीत वाटी, वाटीत पाणी.

मावशी म्हणजे आईच्याच गावाकडची, आईपेक्षा चार पावसाळे मोठी. जन्म चुलीच्या धुरात गेलेला, त्यामुळे दम कायमचाच. मुलगा म्हणायचा, वयानुसार होतं, मशीनबिशीन कशाला. आई रोज आपलं मशीन तिला देत होती.

"हे पाणी कसलं?" मी ओरडलेच.

"रिकामा भांडा परत देवचा नाय गो बाय," मावशी म्हणाली. "देवळामागच्या तळीचा पाणी हा. छाती थंड रवता."

कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून गावाहून आणलेलं, देवाजवळ ठेवलेलं. तळाला शेवाळ. आई त्याच पाण्यावर औषध ओतून वाफ घ्यायची, मावशीही, आणि जाताना मावशी वाटीत पुन्हा चमचाभर घालून ठेवायची.

"वाट लावलीस मावशी तू! माझी आई मरेल या पाण्याने, कळतंय का?"

आई म्हणाली, "ती रात्र रात्र बसून काढते गं. देऊ नको म्हणाली असतीस, म्हणून नाही सांगितलं." मी मावशीच्या डोळ्यांदेखत पाणी मोरीत ओतलं. त्या दिवसापासून मावशी आली नाही.

आईला पुन्हा सलाईन लागली, पण या वेळी ती लवकर सावरली. बेडका पांढरा, भूक परत. मी ऐटीत होते. पाणी बंद, दुखणं बंद, झकास.

मग एका रविवारी सकाळी आई माझ्यासमोर बसून मेथी निवडत होती. तोंड मिटलेलं. आणि मला आईचा खोकला ऐकू आला.

तो खोकला मी झोपेतही ओळखीन. आधी लांब शीळ, मग तळातून काहीतरी खरवडून काढल्यासारखी घरघर, शेवटी दमलेलं "आई गं". जसाच्या तसा. आईने मेथी खाली ठेवली आणि स्वतःची छाती चाचपून बघितली. मग आम्ही दोघी समोरच्या दाराकडे बघायला लागलो.

मावशीच्या खोलीत पाय टाकला आणि तो वास आला. मुलाशी भांडून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा आईही हट्टाने बरोबर आली. रिपोर्टवर तेच नाव.

"एकच मशीन वापरत होता का दोघी?" डॉक्टरांनी विचारलं. "आधी कुणाला झालं?"

"माझ्या पाण्यातसून गेलो तो," मावशी लगेच म्हणाली. "ह्या पोरीन सांगितल्यान माका."

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मशीन आलंच मुळी आईच्या पहिल्या आजारपणानंतर. जंतू घरात आधीपासून होता. मग मशीन, मग मावशी, आणि पाणी तर सगळ्यांत शेवटी. पाण्याने त्याला पोसलं असेलही, डॉक्टर म्हणाले, पण दिला तो बहुतेक वाटीने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात उभं राहून काय काय बोलले होते मी त्या बाईला!

"नाय गो," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुझ्या पाण्यातलो नाय. माझोच तो. माझ्याकडसून तुका गेलो."

डॉक्टर सांगत होते, आजच ऍडमिट करायला हवं, एकेक दिवस महत्त्वाचा आहे. मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती. मग तिचा चेहरा हळूहळू सैलावला, माहेरचं कुणी भेटल्यावर होतो तसा.

"तुझो काय?" ती म्हणाली. "मगे रवांदे."

डॉक्टरांना मालवणी कळत नव्हती; तुझाच जंतू आहे तर मग राहू दे छातीत, असं ती आईला म्हणत होती. "काय म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं.

"ऍडमिट व्हायला तयार आहेत," मी म्हटलं, आणि मावशीचा दंड धरला तो वॉर्डातल्या खाटेपर्यंत सोडला नाही.