वाघाचं नाव वदवून घेतलं

मोहर्लीजवळच्या एका म्हातारीच्या रेकॉर्डिंगवर आमच्या कॉम्प्युटर प्रोग्रामने ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारला, आणि माझं डोकंच फिरलं.

मी मूळची आरमोरीची. गावोगाव जाऊन ठरलेल्या शब्दांचे उच्चार रेकॉर्ड करणं हे माझं काम. रेकॉर्डिंग शहरातल्या ऑफिसात गेलं की प्रोग्राम दोन ठिकाणचे उच्चार एकाखाली एक मांडायचा. ‘मला’खाली ‘मले’ ठेवलं की म जुळतो, ल जुळतो, शेवटचा स्वर तेवढा वेगळा. अशा फरकांवरून बोलींमधलं अंतर मोजायचं आणि गावागावांच्या बोलींचा नकाशा करायचा. काम मला मनापासून आवडायचं.

म्हातारीला वाघाचं चित्र दाखवलं तर म्हणाली, “जनावर.” पुन्हा दाखवलं तर, “मामा.” मोह वेचायला जंगलात जाणाऱ्या घरांत त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो. हे मी सविस्तर लिहून पाठवलं होतं. वाचलंय कोण! एका चित्राला दोन उत्तरं देणारा माणूस बाद, असा नियम. त्या गावात बोलायला तीच एकटी तयार झाली होती, म्हणजे अख्खं गावच बाद.

फोनवर साहेबांशी कचाकचा भांडले. “एक शब्द तर हवाय,” ते म्हणाले, “परत जा आणि वदवून घे.” एसीत बसून सांगायला यांच्या बापाचं काय जातं?

आणि तरी मी गेले.

म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. नाव घेतलं नाही तर तुमचं गाव नकाशात राहणार नाही, असं मी तिला सांगितलं.

“काऊन घ्याचं त्याचं नाव? माहा पोरगा जंगलात गेला हाये.”

“बाई, एकदाच म्हना ना.”

“नाई म्हनलं त तुवं काम जाते काय?”

“हो,” मी म्हटलं. खरं तर तसं कोणी म्हणालं नव्हतं.

तिनं पदर डोक्यावर ओढला, जंगलाकडे पाठ केली आणि हळूच म्हणाली, “वाघ.”

मग फुलं तशीच टाकून ती गावाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. दुपारी पोरगा येईपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा मेसेज आला, तिचा उच्चार बाकीच्या गावांच्या ‘वाघ’शी तंतोतंत जुळला म्हणून. साहेबांना मी आजही शिव्या घालते. पण त्या अंगणात तिच्याशी खोटं बोलायला साहेब आले नव्हते.