अंकुशनगरचा हप्ता

जालन्यात जुन्या गाड्यांच्या शोरूमवर मी एजंट होतो. गाडी विकायची, कर्जाची फाईल करून द्यायची आणि पुढं दर महिन्याला घरोघर फिरून हप्ताबी आणायचा. लोक मला पाहून तोंड फिरवायचे. फिरवू द्या, हप्तेवाला काय कुणाचा सोयरा असतो? पण अंकुशनगरच्या काकूंचं तसं नव्हतं. काका आमच्याकडनं घेतलेली गाडी भाड्यानं चालवायचे, घर त्यावरच चालायचं. काकू पैसे आधी देवापुढं ठेवायच्या, मंग माझ्या हातात द्यायच्या आणि जेवल्याशिवाय सोडायच्या न्हाईत. बायको गेल्यापासून मी खानावळीचा डबा खातो. त्यामुळं ते घर मी मुद्दाम दुपारचंच धरायचो.

मंग कर्ज देणाऱ्या कंपनीनं सगळी कर्जं दुसऱ्या कंपनीला विकून टाकली. बाजारात शेरडं विकावी तशी! गिऱ्हाइकांना मेसेज गेले, यापुढं पैसे आमच्याच खात्यात भरा, एजंटाला दिलेले धरले जाणार नाहीत. काकूंनी मेसेज वाचला आणि तरीबी नोटा माझ्यापुढं धरल्या.

"ते कोण कुठले. मी तुला वळखते. तुझ्या हातात दिले की भरल्यावाणी वाटतं."

घ्यावेत आणि आपणच भरून टाकावेत, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. महिन्याचा फेरा तरी राहिला असता. पण माझ्या हातून एकदा जरी उशीर झाला असता तर गाडी उचलून नेली असती. शहागडला एकाची तशी भर रस्त्यात नेलेली मी पाहिली होती. मी काकूंना बसवून मोबाईलवरून हप्ता भरायला शिकवलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

पुढच्या हप्त्याच्या दिवशी माझं तिकडं काहीच काम नव्हतं. सकाळपासून जीव कशात लागंना. शेवटी निघालो, वडीगोद्रीला डझनभर केळी घेतली आणि गेलो.

दार काकूंनीच उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"का रे, पैसे पोचले न्हाईत का?"

"पोचले, बराबर पोचले."

"मंग गाडीचं काही?"

"गाडीचं काही न्हाई, काकू."

तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. पण दारातून त्या हलल्या न्हाईत.

"मंग कामून आलास?"

मी केळ्यांची पिशवी तेवढी पुढं केली.

"याचे किती द्यायचे?" काकूंनी विचारलं.